सादरीकरण छान झालं, पण विषय कळला का?

पत्र : मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात ६४ विद्यार्थी आहेत. अंतर्गत मूल्यमापनाच्या ३० गुणांपैकी १५ गुण यंदा आम्ही सादरीकरणाला ठेवले आणि पाच-पाच जणांचे गट केले. अनुभव वाईट आला. बहुतेकांनी पीपीटी इंटरनेटवरून नाहीतर चॅटजीपीटीकडून करून आणली आणि पडद्याकडे तोंड करून वाचून दाखवली. काम गटातल्या एकाने केलं, गुण पाचांना मिळाले. १५ गुणांची फोड आधी ठरवलेली नव्हती, एकूण कसं झालं ते बघून मी गुण दिले. धीटपणे बोलणाऱ्यांना १२-१३ मिळाले. चाचणीत वर्गात सगळ्यांत चांगलं लिहिणारी एक मुलगी समोर उभी राहिल्यावर थरथरायला लागली, तिला मी ६ दिले. ती काही बोलली नाही, पण मला ते फार लागलंय. गुण अजून कार्यालयात दिलेले नाहीत. तिचे गुण वाढवू का? आणि पुढच्या सत्रात सादरीकरण बंद करून त्याऐवजी आणखी एक चाचणी घेऊ का? विभागप्रमुख म्हणतात, नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) सादरीकरणं हवीतच.

— एक प्राध्यापिका

मॅडम,

आधी त्या मुलीचं बघू, कारण गुण अजून तुमच्या हातात आहेत.

तिचे एकटीचे गुण वाढवू नका. तुमचा हेतू चांगला असला तरी उद्या दुसऱ्या कुणी विचारलं की तिलाच का, तर तुमच्याकडे उत्तर नसेल, आणि बोलणी तिलाच खावी लागतील. त्याऐवजी वर्गातल्या प्रत्येकाला त्याच्याच विषयावर तीन मिनिटं तोंडी विचारा. ६४ जणांचे प्रत्येकी तीन मिनिटं म्हणजे १९२ मिनिटं. चार तासिकांचं काम आहे, उशीर धरून पाच समजा. वर्गासमोर उभं करू नका. प्रात्यक्षिकाच्या खोलीत, टेबलाशी समोरासमोर बसवून, कागद-पेन्सिल पुढ्यात ठेवून विचारा. आधी झालेल्या सादरीकरणाचे गुण ७ पैकी करून घ्या, उरलेले ८ या तोंडीला द्या. सगळ्यांना तोच नियम, सूचना दोन दिवस आधी फलकावर, आणि विभागप्रमुखांची एका ओळीची लेखी संमती. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माणसाने तर अशी संमती तोंडी घेऊन थांबू नये. पत्रावरून वाटतं तसा त्या मुलीचा विषय खरंच पक्का असेल, तर तिचे गुण आपोआप वर येतील. आणि काही १३ गुणवाले खाली येतील, त्याचीही तयारी ठेवा.

आता तुमचा मोठा प्रश्न. सादरीकरण बंद करू नका. पण आज तुम्ही त्यात जे मोजताय, ते मोजणं बंद करा.

मीही भूगोलच शिकवत आलो, म्हणून आपल्याच विषयातलं उदाहरण घेतो. तुमच्या वर्गात एखाद्या गटाने ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’, म्हणजे डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग, हा विषय नक्की घेतला असणार. पहिल्या स्लाइडवर व्याख्या, दुसरीवर सह्याद्रीचा छेद आणि निळे बाण, तिसरीवर आकडे : महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण-खटाव तालुक्यांत पाचशेच्या आसपास. शेवटी आभाराची स्लाइड आणि टाळ्या. आता या गटाला एकच प्रश्न विचारा : जुलै महिन्यात माणमधल्या दहिवडीच्या आभाळात ढग दिसतात की नाही? माण तालुक्यातली मुलं लगेच सांगतील, दिसतात की, दिवसभर पळत असतात. मग पाऊस का पडत नाही?

इथे वर्गात शांतता होते. कारण बहुतेक मुलांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की ढग डोंगराला ‘आदळतात’, तिथेच रिकामे होतात आणि पलीकडे पोहोचतच नाहीत. स्लाइडवरची व्याख्या अचूक असते आणि डोक्यातलं चित्र चुकीचं, तरी पाच-सहा मिनिटांच्या सादरीकरणात हे कधीच उघडं पडत नाही. डोंगर चढताना हवेवरचा दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं. पलीकडे उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते आणि ढगातले थेंब विरायला लागतात. हे ज्याला कळलंय तो दहिवडीच्या ढगांचं उत्तर अडखळत का होईना, देतो. ज्याने फक्त व्याख्या आणली आहे तो स्लाइडकडे बघतो. मग पुढचा प्रश्न : माणमध्ये जुलैपेक्षा सप्टेंबरात जास्त पाऊस का पडतो? हे पीपीटीत नसतं, पण विषय समजलेला विद्यार्थी मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरणं, दुपारी जमीन तापणं, विजांसह येणारा वादळी पाऊस यांच्याकडे वळतो. उत्तर अर्धवट असलं तरी तो विचार करताना तुम्हाला ऐकू येतो. सादरीकरणातून तुम्हाला मिळण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. लेखी चाचणी हे देऊ शकत नाही, कारण उत्तरपत्रिकेला तुम्ही उलटप्रश्न विचारू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की सादरीकरण म्हणजे प्रश्न विचारण्याची सोय आहे. गुण प्रश्नांच्या उत्तरांवर असायला हवेत.

छान बोलण्याला आपण सगळे किती भुलतो, याचा एक जुना प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा. १९७० साली अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेतल्या मंडळींनी मायकेल फॉक्स नावाच्या एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं केलं. विषय होता गणितातल्या गेम थिअरीचा (एकमेकांच्या चाली ओळखून निर्णय घेण्याचं गणित) डॉक्टरांच्या शिक्षणात उपयोग. नटाला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याला शिकवलं होतं ते एवढंच : आत्मविश्वासाने बोलायचं, मधूनमधून हसवायचं, परस्परविरोधी विधानं करायची, अर्थ नसलेले शब्द पेरायचे. समोर बसलेले लोक मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्याचे शिक्षक होते. व्याख्यानानंतर त्यांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीत अभिप्राय बहुतांशी चांगले होते. विचार करायला लावणारं व्याख्यान होतं, असं म्हणणारे त्यात होते. १९७३ मध्ये हे सगळं वैद्यकीय शिक्षणाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

या प्रयोगातला एक तपशील सांगताना बरेचदा गाळला जातो, आणि आपल्याला तोच हवाय. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरंही झाली होती. त्यातही फॉक्सने वेळ मारून नेली. म्हणजे नुसते ‘प्रश्न विचारले’ म्हणून काम होत नाही. ‘याचं महत्त्व काय?’, ‘तुम्हाला काय वाटतं?’, ‘आणखी थोडं सांगा’ अशा प्रश्नांना बोलका विद्यार्थी गोलगोल उत्तर देऊन मोकळा होतो. शिवाय श्रोत्यांपैकी कुणी त्या विषयाचं जाणकार नव्हतं. तुम्ही मात्र तुमच्या विषयात जाणकार आहात. तेव्हा प्रश्न असा विचारा की उत्तर बरोबर आहे की चूक, हे जागेवर ठरेल. ‘खडू घ्या आणि वाऱ्याची दिशा काढून दाखवा.’ ‘मोसमी वारे नैर्ऋत्येऐवजी ईशान्येकडून आले, तर महाराष्ट्रात पाऊस कुठे जास्त पडेल?’ ‘तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस पडतो, तो तुमच्या आकृतीत बसवा.’ ‘तुमच्या तिसऱ्या स्लाइडवरचा हा आकडा कशाचा आहे, एका वर्षाचा की सरासरी?’ यातल्या एकाही प्रश्नाला नुसतं छान बोलून उत्तर देता येत नाही. थरथरणाऱ्या मुलीलाही खडूने बाण काढता येतो.

विद्यार्थी जाणूनबुजून फसवतात असंही नाही. त्यांना खरंच वाटत असतं की आपल्याला समजलंय. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. झिप कशी चालते, फ्लशची टाकी कशी चालते, अशा रोजच्या वस्तूंबद्दल आपल्याला किती समजतं याचा अंदाज त्यांनी लोकांना विचारला. मग पायरीपायरीने लिहून काढायला सांगितलं. लिहून झाल्यावर लोकांनी स्वतःचा अंदाज खाली आणला. स्लाइड बघताना ‘हे मला येतं’ असं वाटतं, पायऱ्या सांगायला लागल्यावर कळतं की कुठली पायरी गाळलीय. तुमचा प्रश्न विद्यार्थ्याला हे त्याच्या तोंडून कळवतो. म्हणून प्रश्न विचारताना आवाज कोर्टातला नको. ‘इथे थोडं अडकलंय, बघूया’ असं म्हणत विचारा आणि उत्तरासाठी दहा सेकंद तरी गप्प राहा. आपण शिक्षक दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि मग मुलाने मान डोलावली की त्याला येतं असं धरतो.

चॅटजीपीटीची चिंता यानंतर निम्म्याने कमी होईल. पीपीटी कुणी बनवली याचा शोध घेत बसू नका, तो लागत नाही आणि वर्गातलं वातावरण नासतं. विषय मात्र बदला. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असा मोघम विषय देण्याऐवजी ‘आपल्या महसूल मंडळाचा गेल्या पाच वर्षांचा जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळाशी तुलना’ असा द्या. मंडळनिहाय पावसाचे आकडे कृषी विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. मुलाने आपल्या मंडळाचे आकडे काढले, वहीवर आलेख काढला, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विहिरीचं पाणी कधी आटतं ते विचारलं, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काहीतरी असतं. यंत्राची मदत घेऊन त्याने मांडणी नीट केली तरी बिघडत नाही. स्लाइड चारच्या वर नकोत, आणि त्यांत आलेख, नकाशा, फोटो एवढंच असावं. वाचायला मजकूरच नसला की पडद्याकडे तोंड करायचं कारण उरत नाही. प्रोजेक्टर बंद असेल तर फळा आणि एक हाताने काढलेला तक्ता पुरतो. पीपीटीच्या सजावटीला गुण दिले, तर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्यालाच ते मिळतात.

गटाचं बघू. पाचऐवजी चार जणांचे गट करा, १६ गट होतील. गटाने सहा मिनिटं मांडायचं, मग आठ मिनिटं प्रश्न. ४८ मिनिटांच्या तासिकेत तीन गट सहज होतात आणि गुण लिहायला सहा मिनिटं उरतात. सहा तासिकांत वर्ग संपतो. चार श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) विषयाला साठ तास असतात, त्यांतला हा वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. कोण काय बोलणार हे गटाने ठरवायचं नाही. त्या दिवशी चिठ्ठी काढायची. प्रश्न कुणालाही, कुठल्याही भागावर. पहिल्या दिवशी हे जाहीर केलंत, की एकाने करायचं आणि चौघांनी उभं राहायचं हा प्रकार बराच कमी होतो, कारण ज्याला येतं तोच बाकीच्यांना आदल्या दिवशी बसवून शिकवतो. गटाला मिळणारे गुण थोडे ठेवा, ज्याच्या-त्याच्या उत्तराला मिळणारे जास्त.

आता फोड. पुढच्या सत्रात सादरीकरणाला १५ ऐवजी १० गुण ठेवा. कारण सरळ आहे : पर्जन्यछाया नीट सांगणाऱ्या मुलाला काळी मृदा, कोकणातली मासेमारी, खनिजं यांतलं किती येतं हे त्या सादरीकरणातून कळत नाही. एका विषयावरून अख्ख्या पेपरचा निम्मा अंतर्गत गुण ठरवणं अन्यायाचं आहे. उरलेले २० चाचणी आणि नकाशाकामाला द्या. १० ची फोड अशी करता येईल : आशय बरोबर आणि स्वतः गोळा केलेला आहे का, याला ४ गटासाठी. प्रश्नांच्या उत्तरांना ५, ते ज्याचे त्याला. मांडणीला १. एकच. लोकांसमोर बोलायला शिकणं महत्त्वाचं आहेच, पण तुम्ही ते शिकवलेलं नसेल तर त्याचे गुण मागू नका. दोन तासिका बोलण्याच्या सरावाला देऊ शकलात तर बाकीच्यांतला एक कमी करून तो गुण २ करा.

निकषांची संख्याही वाढवू नका. नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच यांनी २००० मध्ये विद्यार्थ्यांनी एकमेकांना गुण देण्याबद्दलचे ४८ अभ्यास एकत्र तपासले होते. विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे गुण जास्त जुळले ते निकष नीट समजावून सांगून एकूण निर्णय मागितला तिथे. बारीकसारीक घटकांना वेगवेगळे गुण द्यायला सांगितले तिथे कमी जुळले. आवाज, डोळ्यांत बघणं, देहबोली, पोशाख, स्लाइडचा रंग असे दहा रकाने असलेले तक्ते आपल्याकडे कार्यशाळांत वाटले जातात. त्यांतले निम्मे रकाने पोराच्या घरची परिस्थिती मोजतात. ते वापरू नका.

विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेले गुण अंतिम बेरजेत मात्र धरू नका. एकाच तालुक्यातली, एकाच एसटीने येणारी मुलं असतात, गावकी-भावकी वर्गात येतेच. त्याऐवजी ऐकणाऱ्या प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून द्यायचा. त्यातले दोन प्रश्न तुम्ही त्याच तासाला विचारा, आणि पुढच्या चाचणीत एक प्रश्न वर्गमित्रांच्या सादरीकरणांवर ठेवा. बाकी साठ जण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, ही तक्रार तुम्ही लिहिली नाहीत, पण ती तुमच्याही वर्गात असणार.

भाषेबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण याचा मला मनापासून राग येतो. पेपर मराठीतून लिहिणाऱ्या मुलांना इंग्रजी स्लाइड करायला लावणारे आणि ‘आमच्याकडं पाऊस लय कमी पडतोय’ म्हटलं की गुण कापणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्या वाक्यात भूगोलाची एकही चूक नाही. बोली बोलणाऱ्याला अडवलंत की तो विचार करणं सोडून शब्द निवडायला लागतो, आणि तुम्हाला जे ऐकायचं होतं तेच बंद पडतं. पारिभाषिक शब्द बरोबर वापरायला सांगा, बाकी त्याच्या तोंडची मराठी असू द्या.

घाबरणाऱ्यांसाठी टेबलाशी बसून सांगायचा पर्याय सगळ्यांना खुला ठेवा. कुणा एकीसाठी सवलत म्हणून तो दिलात तर ती तो घेणार नाही. तुमची ती विद्यार्थिनी पहिल्या वेळी कदाचित बसूनच सांगेल. पुढच्या वेळी वर्गासमोर या असा आग्रह धरू नका, विचारून बघा.

राहता राहिले विभागप्रमुख. नॅकच्या फायलीत सादरीकरणाचे फोटो लागतात हे खरं, पण मूल्यमापन कसं झालं हे दाखवणारा पुरावा फोटोपेक्षा भक्कम असतो. वर्गात आधी लावलेला गुणांचा तक्ता, प्रत्येक गटाला विचारलेल्या प्रश्नांची नोंद, मुलांच्या चिठ्ठ्या आणि सहीचा गुणतक्ता, एवढं एका फायलीत लावा. शक्य असेल तर दोन-तीन गटांना विभागातल्या दुसऱ्या कुणाला शेजारी बसवून स्वतंत्र गुण द्यायला सांगा आणि फरक पडला तर चर्चा करून ठरवा. तक्रार आली तर हीच फाइल तुमच्या बाजूने बोलेल. मोबाइलवर चित्रीकरण करायचं झालं तर मुलांची लेखी परवानगी घ्या आणि गुण जाहीर झाल्यावर ते पुसून टाका. मुलींचे व्हिडिओ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर अजिबात जाता कामा नयेत.

या सत्राच्या तोंडीची सूचना सोमवारी लावा. चिठ्ठ्या, गट, नवे विषय हे सगळं पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात. आणि गुणांचा तक्ता वर्गात लागल्याशिवाय एकाही गटाला विषय देऊ नका.